बापाच्या हातचा घास

मस्कतच्या मासळीबाजारात सुरमईचा भाव विचारताना मला हटकून अलिबाग तालुक्यातली ती शाळा आठवते. एम.ए. झाल्यावर, लग्नाआधी, चार वर्षं मी तिथे शिकवत होते. गाव कोळ्यांचं. खिडकीतून होड्या दिसायच्या आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास थेट फळ्यापर्यंत यायचा. कुपोषण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मेळघाट यायचं. दाराशी मासळी असलेल्या गावात मूल उपाशी कसं राहील, असं मला वाटायचं.

पाचवीतली एक मुलगी रोज उशिरा यायची. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, त्याच्या मुठीत चहात बुडवलेलं बिस्कीट. एकदा मी तिच्या आईला शाळेत बोलावून चांगलंच सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, "बाई, म्हावरा इकला त घरान चूल पेटते. पोराला कवा भरवू?"

मला राग आला होता, पण उत्तर सुचलं नाही. पुढच्या रविवारी पहाटे मी बंदरावर गेले. चारच्या अंधारात ती लिलावात उभी होती. पाटी भरून टेम्पोने बाजार गाठायचा, घरी यायला दुपारचे दोन. नवरा खलाशी, एकदा बोट सुटली की आठ-आठ दिवस समुद्रात. घरी आजी, पण तिचं ठाम मत होतं, "मासे गरम पडतात, काटा लागेल. दोन वर्षं होऊ देत." चांगली मासळी विकायला जायची आणि उरलेल्या कालवणातलं बाळाच्या वाट्याला काहीच नाही. चहा-बिस्कीट आणि पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, एवढाच त्याचा आहार.

अंगणवाडीच्या सेविकाताईंनी त्याच्या दंडाला रंगीत पट्टी लावली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर हिरवा रंग, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याखाली लाल. हा पिवळ्यात निघाला. घरात अन्न होतं, पण ते त्याच्या तोंडापर्यंत पोचत नव्हतं.

हे फक्त त्या एका घराचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आहेत. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशभरात जेमतेम ११.३ टक्के. गरिबी, आजारपण, आईची तब्येत ही कारणं आहेतच. पण बाळाला कोण भरवतं, काय भरवतं, किती वेळा भरवतं, यावरही खूप काही अवलंबून असतं. सहा महिने फक्त आईचं दूध, मग दुधाबरोबर घट्टसर वरचं अन्न. नवव्या महिन्यापासून दिवसाला तीन-चार वेळा. पोट एवढंसं असतं, म्हणून घास थोडा पण कसदार हवा.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली. पावसाळ्यातले ते दोन महिने होड्या किनाऱ्यावर आणि पुरुष घरी. हातात पैसा नसतो, उधारी वाढते. पण सेविकाताईंना त्यातच संधी दिसली. त्यांनी आईला काही म्हटलं नाही, बापाला गाठलं. "काटा कुणाला कळतो? तुलाच ना? मग तूच भरव."

तो आधी लाजला. मग खाडीतल्या माशाचा तुकडा बोटांनी चाचपून, काटा काढून, मऊ भातात कालवून भरवू लागला. मासळी नसेल त्या दिवशी धुऊन, भाजून कुटलेला जवळा वरणभातात. वर चमचाभर तेल. पोरगं खातंय हे पाहून आजीचाही विरोध मावळला. नारळी पौर्णिमेनंतर बोट पुन्हा सुटली तेव्हा घास आजीच्या हाती गेला. दिवाळीच्या सुट्टीआधी पट्टी हिरव्यावर आली होती, आणि बहीण वेळेवर शाळेत येऊ लागली होती, एकटी.

त्या आईची माफी मागायची माझी राहूनच गेली. मी तिला दोष दिला, पण बापाला शाळेत बोलवावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

हे मला नीट कळलं ते इथे, माझा मुलगा दोन वर्षांचा असताना. घरात काही कमी नव्हतं, तरी त्याचं वजन वाढेना. मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. तपासणीला गेल्यावर नर्सबाईंनी विचारलं, "तो जेवतो कुणाबरोबर?" मी गप्प. नवरा रात्री नऊला यायचा, मी ओट्याशी उभी. तेव्हापासून शुक्रवार-शनिवारी त्याचं जेवण बाबांकडे, सतरंजीवर, एका ताटात. मोबाइल आत.

मंडळी, सुट्टीत गावी जाताना आपण भाच्या-पुतण्यांसाठी चॉकलेटांच्या पिशव्या नेतो. मीही नेते. यंदा त्याबरोबर एवढं करू या: घरातल्या लहानग्याला मांडीवर घेऊन एक वेळ आपण भरवू या, आणि त्याच्या बाबाला शेजारी बसवू या. पुढचा घास त्याच्या हातून.