गाडी कमी चालते? मग किलोमीटर नाही, कॅलेंडर बघा

तंजावरहून बोलतोय. आजचा विषय कमी चालणाऱ्या गाडीचं सर्व्हिसिंग. यावर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "आमची गाडी वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटरच चालते. मग दर वर्षी सर्व्हिसिंगला पैसे कशाला घालायचे? दहा हजार झाले की बघू."

प्रश्न रास्त आहे. व्यंकोजीराजांच्या काळापासून इथे राहिलेल्या आपल्या मराठी घरांत हे चित्र नेहमीचं झालंय. मुलं नोकरीला चेन्नई-बंगळूरला, घरी आई-वडील आणि दारात एक लहान पेट्रोल गाडी. भाजी, बँक, मोठं देऊळ, आणि महिन्यातून एखादं कार्य कुंभकोणमला. पुण्यात, इंदुरात, बडोद्यात राहणाऱ्यांनाही ही गाडी ओळखीची वाटेल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ही गाडी रोज लागत नाही, पण कधी तरी मध्यरात्री दवाखान्यात जायला लागते. त्या वेळी ती एका चावीत सुरू झाली पाहिजे आणि तिचे ब्रेक लागले पाहिजेत. सर्व्हिसिंग त्यासाठी करायचं.

आता मॅन्युअल उघडा. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या तक्त्यात लिहिलेलं असतं: १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी येईल ते. आपण पहिला अर्धा भाग वाचतो आणि "जे आधी येईल ते" सोडून देतो. हिशेब करून बघा. वर्षाला २,४०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे १०,००० व्हायला चार वर्षांहून जास्त लागतील. म्हणजे तेच ऑइल इंजिनात चार वर्षं राहणार.

राहिलं तर काय बिघडतं? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जातं. पण इंजिन गार असताना त्यातली थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी अर्धा तास चालली तर ऑइल तापतं आणि हे पाणी उडून जातं. भाजी आणायला तीन किलोमीटर गेलात तर ऑइल नीट तापायच्या आतच इंजिन बंद होतं. पाणी आत राहतं, आम्ल तयार होतं, आणि ऑइलमध्ये मिसळलेली संरक्षक द्रव्यं ते मारण्यातच संपत जातात. म्हणून काही कंपन्या आठ किलोमीटरहून कमी अंतराच्या सततच्या फेऱ्यांना "कठीण वापर" म्हणतात आणि ऑइल लवकर बदलायला सांगतात.

मग दर सहा महिन्यांनी बदलायचं का? तंजावरसारख्या उष्ण गावात, माझ्या मते, नाही. इथे सकाळीही इंजिन फार गार नसतं. वर्षातून एकदा ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला आणि दर आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला गाडी एकदा लांब न्या. इथून तिरुवैयारू साधारण १३ किलोमीटर. पाच नद्या ओलांडत त्यागराजांच्या समाधीपर्यंत जाऊन परत आलात की ऑइलही तापतं आणि बॅटरीही भरते. हे जमणार नसेल, गाडी फक्त दोन-तीन किलोमीटरच फिरणार असेल, तर मात्र सहा महिन्यांचा विचार करा.

बाकीच्या कामांचे तीन गट पाडा.

पहिला गट कॅलेंडरचा. गाडी उभी असली तरी यांचं वय वाढतं. ऑइल झालं. दुसरं ब्रेक फ्लुइड. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ दर्जाचं नवं फ्लुइड किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. तंजावर सपाट आहे, ब्रेक फार तापत नाहीत. पण सुट्टीत नातवंडांना घेऊन कोडाईकनालला जाता आणि घाट उतरता, तेव्हा हा फरक कळतो. फ्लुइड उकळलं की पेडल पाय ठेवताच खाली जातं. शिवाय ओलाव्याने ब्रेकचे आतले भाग गंजतात, ते वेगळंच. म्हणून मीटर काहीही दाखवो, साधारण दोन वर्षांनी हे बदला. कूलंट मॅन्युअलात दिलेल्या वर्षांनी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी नव्यासारखी दिसली तरी पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर तपासून घ्या. बारीक भेगा दिसल्या की बदला. वायपरची रबरं तर इथल्या उन्हात बसल्या जागी कडक होतात.

बॅटरी याच गटातली, आणि दगा देणारी सहसा हीच. उष्णतेने तिचं आयुष्य घटतं, आणि पाच मिनिटांच्या फेरीत स्टार्ट करताना गेलेला चार्जसुद्धा भरून निघत नाही. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मीटर लावून बघा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा.

दुसरा गट किलोमीटरचा. स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, गिअर ऑइल, व्हील अलाइनमेंट. ही मुख्यतः चालण्याने झिजणारी कामं. इथे तुमचे पैसे खरोखर वाचतात. तरी तक्त्यात त्यांच्यासमोर वर्षंही दिली असतील तर तीही पाळा.

तिसरा गट बघून ठरवायचा. एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, बेल्ट, रबरी नळ्या. आणि उंदीर! भोवती भातशेती असलेल्या गावात बॉनेट महिन्यातून एकदा उघडून वायरी बघितलेल्या बऱ्या.

या तिन्ही गटांत न बसणारी कामंही बिलात दिसतात: इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझिंग. मॅन्युअलात नसेल आणि गाडीची काही तक्रारही नसेल, तर "नको" म्हणा. गाडी आत देण्यापूर्वी कामांची यादी कागदावर लिहून द्या. भाषा तमिळ असो, कन्नड असो की गुजराती, कागदावरच्या यादीपुढे वाद होत नाही.

आता महिना कोणता? महाराष्ट्रात आपण म्हणतो, पावसाळ्याआधी सर्व्हिसिंग. तिथे याचा अर्थ मे महिना. तंजावरला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. २०१८ मध्ये गज चक्रीवादळ या भागात आलं ते नोव्हेंबरात. म्हणून इथे सप्टेंबर धरा. नागपूरच्या भावाचं बघून तंजावरच्या बहिणीने मे महिन्यात नवे वायपर लावले तर पावसाआधी चार महिने ते उन्हात भाजतील. तुमची तारीख फेब्रुवारीत पडत असेल तर एकदाच ती अलीकडच्या सप्टेंबरात ओढा. पुढे ढकलू नका. वॉरंटी चालू असेल तर मात्र कंपनीची तारीख पाळा आणि बिलं जपून ठेवा.

दोन गोष्टी आणखी. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. वर्षाला २,४०० किलोमीटर आणि लिटरला १५ असा हिशेब धरला तर १६० लिटर लागतात, म्हणजे ३७ लिटरची टाकी जवळजवळ तीन महिने पुरते. त्याहून जुनं पेट्रोल टाकीत राहू देऊ नका. आणि एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल तर तिला छोट्या फेऱ्या अजिबात मानवत नाहीत. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर लांब, वेगाच्या प्रवासातच साफ होतो. वापर कमीच राहणार असेल तर पुढची गाडी पेट्रोलची घ्या.

तर ठरलं: वर्षातून एकदा ऑइल, ऑइल फिल्टर आणि पूर्ण तपासणी, दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड, पंधरवड्याला निदान एक लांब फेरी, महिन्याला बॅटरी आणि टायरची हवा. बाकी सगळं मीटर सांगेल तेव्हा. आई-वडील गावी आणि तुम्ही लांब असाल, तर या तारखा तुमच्या मोबाइलमध्ये टाका, त्यांच्या नव्हे. गाडी नेऊन आणायला ओळखीचा ड्रायव्हर सांगून ठेवा.

आज एवढंच करा: मॅन्युअल काढा, ते तक्त्याचं पान उघडा आणि मागच्या बिलावरची तारीख बघा.