टायमिंगचा पट्टा : जुनी गाडी घेणाऱ्या सभासदांसाठी



हंगाम संपून उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आपल्या कार्यक्षेत्रात जुन्या गाड्यांची खरेदी सुरू होते. त्यात गैर काही नाही. दवाखाना, बाजार, मुलांचे कॉलेज, लग्नकार्य यासाठी गाडी लागतेच, आणि नवी गाडी सगळ्यांच्या आवाक्यातली नसते. गाडी बघायला गेलो की आपण टायर बघतो, रंग बघतो, एसी लावून बघतो, फार तर ऑईलची कांडी काढून बघतो. इंजिनाच्या एका अंगाला झाकणाआड बसलेल्या रबरी पट्ट्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. आम्ही कारखान्याच्या गॅरेज विभागातील मंडळी. या पट्ट्यापायी सभासद आमच्याकडे येतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून चार गोष्टी येथे मांडतो.

आमच्या एका सभासदाने उसाच्या बिलातून सात माणसे बसतील अशी जुनी डिझेल गाडी घेतली. घेताना विचारले होते, "पट्टा बदललाय का?" विकणारा म्हणाला, "नवा टाकलाय, बघा की." बॉनेट उघडून दाखवलाही. पट्टा खरोखर नवा होता. आठ महिन्यांनी वडिलांना रात्री दवाखान्यात नेताना घाटाच्या पायथ्याशी गाडी एकाएकी बंद पडली. झटका नाही, धूर नाही, आधी आवाज नाही. त्यांनी दहा-बारा वेळा सेल्फ मारून पाहिला. शेवटी मागून आलेल्या टेम्पोवाल्याने वडिलांना दवाखान्यात पोचवले, म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली तेव्हा आमच्या फिटरने बॉनेट उघडले आणि कपाळाला हात लावला. "अहो दादा, तुम्हाला दाखवला तो फॅन बेल्ट. टायमिंगचा पट्टा आत असतो, तो तुटलाय." हेड उतरवले तर व्हॉल्व वाकलेले आणि एका पिस्टनच्या डोक्याला खड्डा. खोडव्याच्या बिलातला मोठा हिस्सा त्या इंजिनात गेला.

हा पट्टा करतो काय?

इंजिनात पिस्टन खाली-वर होतात आणि त्यांच्या डोक्यावर व्हॉल्व उघडतात-मिटतात. पिस्टन क्रँकला जोडलेले, व्हॉल्व कॅमशाफ्टच्या ताब्यात. क्रँक दोन फेरे फिरला की कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हायला हवा, तोही नेमक्या वेळी. हा मेळ राखण्याचे काम टायमिंगचा पट्टा करतो. त्याला आतून दाते असतात, ते दोन्हीकडच्या चाकांच्या खाचांत बसतात, त्यामुळे तो घसरत नाही. काही डिझेल इंजिनांत डिझेल पंपही याच पट्ट्यावर फिरतो.

इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर कॅमशाफ्ट १५०० वेळा फिरतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, त्या वेळी उघडे असलेले व्हॉल्व उघडेच राहतात. क्रँक मात्र वेगात असल्याने आणखी काही फेरे फिरतो आणि वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतो.

काही पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व यांच्यात अंतर ठेवलेले असते. तिथे पट्टा तुटला तर गाडी नुसती बंद पडते. डिझेलमध्ये हवा फार दाबायची असते, त्यामुळे पिस्टनच्या वर जागा अगदी थोडी उरते. म्हणून जुनी डिझेल गाडी घेणाऱ्याने जास्त सावध राहावे.

आपल्याला याची सवय का नाही?

कारण आपला हात बसलाय ट्रॅक्टरवर. बहुतेक ट्रॅक्टरांत हे काम लोखंडी गिअर करतात, तिथे पट्टा तुटण्याचा प्रश्नच येत नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा आपण पाहिलेला असतो, पण तो सैल पडला की घसरतो, ओरडतो, वास मारतो. आपण तो ताणून घेतो आणि काम चालू राहते. टायमिंगचा पट्टा असे काही सांगत नाही. आज सकाळी गाडी उत्तम चालली, यावरून संध्याकाळचा भरवसा देता येत नाही.

म्हणून "मोडेल तेव्हा बघू" हा हिशेब इथे चालत नाही. आपल्याच कारखान्याचे बघा. ऑफ सीझनला मिलचे बेअरिंग उघडतात, झिजलेला भाग मोडण्याची वाट न बघता बदलतात. भर हंगामात मिल थांबली तर काय होते, हे गव्हाणीपाशी गाडीत ऊस वाळताना पाहिलेल्या सभासदाला सांगायला नको. टायमिंगच्या पट्ट्यालाही हाच नियम लावावा. त्याची बदली तारखेवर ठरवायची, तक्रारीवर नाही.

पहिला प्रश्न : आपल्या गाडीला पट्टा आहे की साखळी?

सगळ्याच गाड्यांना पट्टा नसतो. काहींना लोखंडी साखळी असते. ती बदलण्याची ठरावीक मुदत सहसा नसते. मात्र ऑईल वेळेवर बदलले नाही तर तीही झिजते, आणि झिजली की बहुधा सुरुवातीला खडखड आवाज करून कळवते.

नावावरून अंदाज बांधू नये. जुन्या मारुती ८०० ला पट्टा, तर २०१० साली आलेल्या ऑल्टो के-१० ला साखळी. आय-१० च्या ११०० सीसी इंजिनाला पट्टा, तर त्याच गाडीच्या १२०० सीसी इंजिनाला साखळी. २००५ साली आलेल्या इनोव्हाच्या २५०० सीसी डिझेलला पट्टा आहे, तर २०१६ च्या क्रिस्टाच्या २४०० सीसी डिझेलला साखळी. टाटा इंडिकाचे जुने १४०० सीसी डिझेल पट्ट्याचे. २०१२ साली आलेल्या डस्टरचे १५०० सीसी डिझेलही पट्ट्याचेच. स्विफ्ट डिझेलच्या १३०० सीसी इंजिनाला साखळी आहे. तेव्हा गाडीचे नाव, साल आणि इंजिन, तिन्ही सांगून खात्री करावी.

दुसरा प्रश्न : मुदत किती?

मुदत गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेली असते. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर सांगून विचारावी. पुष्कळ गाड्यांना ती ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असते, काहींना याहून जास्त. शेजाऱ्याच्या गाडीची मुदत आपल्या गाडीला लावू नये.

मुदतीला दोन टोके असतात, किलोमीटर आणि वर्षे. जे आधी पूर्ण होईल ते धरायचे. पट्टा रबराचा असतो, आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. गाडी दारात उभी असली तरी उन्हाने आणि वयाने रबर कडक होतेच.

उदाहरण घेऊ. समजा, पुस्तकात १ लाख किलोमीटर किंवा ५ वर्षे अशी मुदत आहे. २०१४ ची गाडी, वर्षाला ८ हजार किलोमीटर चाललेली. २०२५ साली मीटर ८८ हजार दाखवतो. विकणारा म्हणतो, "अजून लाख झाले नाहीत, पट्टा कंपनीचाच आहे." त्याला वाटते तो गाडीची तारीफ करतोय. किलोमीटरने बघाल तर १२ हजार शिल्लक आहेत, पण वर्षाने बघाल तर मुदत २०१९ सालीच संपली. कमी चाललेली गाडी म्हणून आपण जास्त पैसे मोजतो, आणि नेमका तिचाच पट्टा म्हातारा असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ट्रॅक्टरला तासाचा मीटर असतो, गाडीला किलोमीटरचा. एसी लावून तासभर उभ्या गाडीत बसलो तर किलोमीटर वाढत नाही, पट्टा मात्र फिरतच असतो. धूळ, कडक ऊन आणि उभे इंजिन चालू ठेवण्याची सवय असेल तर मुदतीच्या थोडे आधीच काम करून घ्यावे.

तिसरा प्रश्न : मागे कधी बदलला, याचा कागद आहे काय?

निर्णय खरा इथे होतो. बिलावर गाडीचा नंबर, तारीख, मीटरचे किलोमीटर आणि "टायमिंग बेल्ट" हे शब्द असले पाहिजेत. नुसता "बेल्ट" लिहिला असेल तर तो फॅन बेल्ट धरावा. काही मिस्त्री पट्ट्याच्या झाकणावर तारीख आणि किलोमीटरचे लेबल लावतात, तेही बघावे. सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरावरून जुन्या नोंदी निघू शकतात. त्यात मीटर मागे फिरवला असेल तर तेही उघडे पडते.

इनोव्हाच्या २५०० सीसी डिझेलमध्ये पट्ट्याची मुदत भरली की मीटरवर दिवा लागतो. पण पट्टा न बदलताही तो दिवा घालवता येतो. शिवाय तो किलोमीटरवर लागतो, वर्षे मोजत नाही. तेव्हा दिवा लागला नाही हा पुरावा समजू नये.

कागद आहे आणि दोन्ही मुदती शिल्लक आहेत, तर उगाच खर्च करू नये. वरच्याच मुदतीची गाडी धरली, तर २०२२ साली ९५ हजारांवर बदललेल्या पट्ट्याची मुदत किलोमीटरने १ लाख ९५ हजारांपर्यंत आणि वर्षाने २०२७ पर्यंत आहे. तो खुशाल चालवावा. कागद नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असे समजावे आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम तेच करावे. हा खर्च सौदा करतानाच सांगून किमतीतून वजा करून घ्यावा. विकणारा खरे बोलतोय की खोटे, या वादात पडू नये. कित्येकदा त्यालाही माहीत नसते, तोही तिसरा मालक असतो.

नुसते बघून कळते का?

अर्धेच कळते. वरचे झाकण काढून भेगा, तुटलेले दाते, कडेचे सुटलेले धागे किंवा ऑईलने भिजलेला पट्टा दिसला, तर मुदत शिल्लक असली तरी बदलावा. ऑईल रबराला मऊ करून खाते, म्हणून गळणारे सीलही सोबत बदलावे. त्या बाजूने घरघर आवाज येत असेल तर रोलरचे बेअरिंग जात आहे असे समजून लगेच दाखवावे. पण पट्टा दिसायला चांगला असला म्हणजे आतून चांगला असतोच असे नाही. खराब दिसला तर बदलावा, चांगला दिसला तरी कागद विचारावा.

काम करून घेताना

१) पट्ट्याबरोबर ताण देणारा टेन्शनर आणि रोलर बदलावेत. जुन्या रोलरचे बेअरिंग जाम झाले तर नवा पट्टाही जातो.

२) पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही बदलून घ्यावा. खोलण्याची मजुरी तीच असते. सहा महिन्यांनी पंप गळला तर सगळे पुन्हा खोलावे लागेल.

३) एकदा काढलेला जुना पट्टा परत बसवू देऊ नये.

४) पट्टा बसवल्यावर मिस्त्रीने पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा आणि खुणा जुळतात का ते बघावे. त्याआधी सेल्फ मारू नये. एक-दोन दाते चुकले तरी मेळ बिघडतो. आपण शेजारी उभे राहून हे बघावे, यात मिस्त्रीचा अपमान नाही.

५) बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहून घ्यावेत. एक चिठ्ठी गाडीच्या पुस्तकात चिकटवावी. पुढे गाडी विकताना हाच कागद चार पैसे जास्त मिळवून देतो.

चालत्या गाडीचे इंजिन एकाएकी बंद पडले तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये, धक्काही देऊ नये. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरल्यासारखा वाटला तर पट्टा तुटल्याची शंका घ्यावी आणि गाडी ओढूनच न्यावी. आमच्या त्या सभासदाच्या गाडीचे किती व्हॉल्व पहिल्या झटक्यात वाकले आणि किती नंतरच्या दहा-बारा सेल्फने, हे आता कोणी सांगू शकत नाही.

पट्टा, रोलर आणि पंप यांचा खर्च काही हजारांत भागतो. हेड उतरवून व्हॉल्व, गॅस्केट, पिस्टन घालायची वेळ आली तर तो कित्येक पटींनी वाढतो, आणि अडलेल्या वेळी गाडी दारात नसते ते वेगळेच.

तरी ज्या सभासदांकडे जुनी गाडी आहे त्यांनी आजच गाडीचे पुस्तक आणि बिले काढून बसावे. पट्टा की साखळी, मुदत किती, मागे कधी बदलला, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर सापडली तर निश्चिंत राहावे. एकाचेही सापडले नाही, तर पुढच्या लांबच्या प्रवासाआधी मिस्त्रीची गाठ घ्यावी, ही विनंती.