पुंगलीच्या पुलावर भेटलेल्या दोन पलटणी
छत्रीधारी : लेखांक ७

बांगलादेश युद्धातल्या टांगाईलच्या उडीची बातमी जगभर गेली तेव्हा तिच्यात पाच हजार छत्रीधारी उतरल्याचा आकडा होता. ११ डिसेंबर १९७१ च्या त्या संध्याकाळी प्रत्यक्षात उतरले होते सातशेच्या आसपास. बातमीसोबत छापलेलं छायाचित्रही त्या दिवसाचं नव्हतं. टांगाईलचा एकही फोटो हाताशी नसल्याने लष्कराचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी आधीच्या एका सरावाचा फोटो वर्तमानपत्रांना दिला. सराव अख्ख्या ब्रिगेडचा होता, त्यामुळे फोटोतलं आभाळ छत्र्यांनी भरून गेलेलं दिसत होतं. ढाक्यात बसलेल्या पाकिस्तानी सेनापतींच्या मनावर त्याचा व्हायचा तो परिणाम झाला.

युद्धात अशा बातमीचं मोल मी कमी मानत नाही. पण पुढे ती इतकी गाजली की उडी मारलेल्या माणसांची गोष्ट तिच्याखाली दबली. म्हणून आजचा लेख त्या सातशेंसाठी.

मागच्या लेखात आपण सांगशाक पाहिलं. मार्च १९४४ मध्ये ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने तिथे जपान्यांना रोखून धरलं, पण साध्या पायदळासारखं, जमिनीवरून लढून. चौथी मराठा पलटण तेव्हा त्यांच्या जोडीला होती. सत्तावीस वर्षांनी त्याच ब्रिगेडच्या वाट्याला खरी उडी आली, आणि तिच्यासाठी निवड झाली २ पॅरा या पलटणीची. ही पलटण म्हणजे मुळातली तिसरी मराठा. तिची उभारणी १७९७ सालची. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चालून जाऊन ती गप्प केल्यावर ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४८ मध्ये झांगडच्या लढाईत ब्रिगेडियर उस्मान यांच्या हाताखाली हीच पलटण होती. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा तिचं नाव २ पॅरा झालं. नाव बदललं तरी कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांशी असलेलं नातं तुटलं नाही.

आता टांगाईलच का, ते पाहू. पाकिस्तानची ९३ वी ब्रिगेड उत्तरेला जमालपूर आणि मैमनसिंग धरून बसली होती. तिला ढाक्याच्या बचावासाठी मागे यायचं तर रस्ता टांगाईलवरून जात होता, आणि त्या रस्त्यावर लोहाजंग नदीवर पुंगलीचा पूल होता. पूल हातात आला की मागे येणाऱ्यांची वाट तुटते आणि आपल्या फौजेला ढाक्याकडे जायला तोच रस्ता मोकळा होतो. दिल्लीत लष्करी कारवाई विभागाचे प्रमुख होते इंदर गिल. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ग्रीसमधला गोर्गोपोटामोसचा रेल्वेपूल उडवणाऱ्या तुकडीबरोबर ते स्वतः छत्रीने उतरले होते. शत्रूच्या पाठीमागे एका पुलासाठी उडी मारणं म्हणजे काय, हे वर बसलेल्या निदान एका माणसाला अनुभवाने ठाऊक होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पलटणीचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. बंगालमधल्या धावपट्ट्यांवरून विमानं उठली. त्यांत अँटोनॉव्ह, पॅकेट आणि डाकोटा अशी सगळी सरमिसळ होती. शत्रूला चकवण्यासाठी कॅरिबू विमानांनी दुसरीकडे बाहुल्याही सोडल्या.

बाहेरच्या माणसाला उडी म्हटलं की आभाळात तरंगणारा जवान दिसतो. जुन्या पॅराला विचारा, तो आधी वजनाबद्दल बोलेल. पाठीवर मुख्य छत्री, पोटावर राखीव छत्री, आणि हत्यार, दारूगोळा, पाणी असं सगळं अंगाला आवळून बांधलेलं. बसलेल्या जागेवरून उठायचं तरी शेजाऱ्याचा हात लागतो. विमानात डोक्यावरून पोलादी तार गेलेली असते. छत्रीला जोडलेल्या पट्ट्याचा हूक तिच्यात अडकवायचा. हीच स्टॅटिक लाइन. दारातून बाहेर पडलं की ती ताणली जाते आणि छत्री आपोआप खेचून उघडते. आपला हूक आपण तपासायचा आणि पुढच्याच्या पाठीवरची छत्रीही आपणच तपासायची, कारण त्याला ती दिसत नाही. लाल दिवा लागला की उभं राहायचं. हिरवा लागला की थांबायचं नाही. दारात कुणी क्षणभर जरी अडखळलं, तरी त्याच्या मागचे सगळे पुढे कुठेतरी लांब पडतात, कारण विमान काही थांबत नसतं. म्हणून पॅरा मंडळी ‘स्टिक’ची आठवण सांगतात, एकट्याची क्वचितच. स्टिक म्हणजे एका दारातून एकामागोमाग उडी मारणारी रांग. तिच्यात आपल्या पुढे कोण होता आणि मागे कोण, हे त्यांना पन्नास वर्षांनीही नावानिशी सांगता येतं.

दुपारी साडेचारच्या सुमाराला पहिल्या छत्र्या उघडल्या. खाली शेतं, तळी आणि माणसंच माणसं. काही जवान आणि सामान ठरल्या जागेपासून लांब पडलं. पण गावकरी धावून आले आणि त्यांनी दारूगोळ्याच्या पेट्या खांद्यावर घेतल्या. त्या भागात कादेर सिद्दिकींचे मुक्तियोद्धे आधीपासून लढत होते, शिवाय छत्रीधाऱ्यांच्या वतीने कॅप्टन पी. के. घोष आधीच त्यांच्यात जाऊन पोचले होते. उतरणाऱ्यांचं स्वागत व्हावं ही तयारी अशी जमिनीवर झालेली होती. बातम्यांमध्ये त्या पेट्या उचलणाऱ्यांना जागा मिळाली नाही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला, थोड्या चकमकीनंतर, पूल ताब्यात आला. खरी लढाई त्यानंतरची. रात्रभर उत्तरेकडून माघार घेत येणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या पुलावर आदळत राहिल्या आणि मोठी हानी सोसून मागे हटत राहिल्या. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ९३ व्या ब्रिगेडच्या काही तुकड्या उडीच्या आधीच पुढे निसटल्या होत्या. सापळा पूर्ण मिटला नाही. त्याने पुलावर उभं राहिलेल्यांचं काम तसूभरही कमी होत नाही.

१२ डिसेंबरच्या संध्याकाळी जमालपूरकडून ९५ व्या माउंटन ब्रिगेडची आघाडी पुलावर येऊन मिळाली. ही आघाडी होती १ मराठाची, म्हणजे जंगी पलटणीची. तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. जमालपूरच्या दक्षिणेला १० डिसेंबरच्या रात्री तिने ३१ बलूचचा जीव खाऊन केलेला हल्ला परतवला होता. बंगालच्या मातीत, शत्रूच्या मागच्या बाजूला, एकाच मराठा घराण्यातल्या दोन पलटणी अशा समोरासमोर आल्या. चार दिवसांनी, १६ डिसेंबरच्या सकाळी, २ पॅरा ढाक्याच्या वेशीवर मीरपूरच्या पुलाशी होती. भारताच्या जनरल नागरांची शरण येण्याबद्दलची चिठ्ठी घेऊन पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझींकडे जे अधिकारी गेले, त्यांत याच पलटणीचे कॅप्टन निर्भय शर्मा होते.

पलटणीला ‘पुंगली ब्रिज’ हा युद्धसन्मान मिळाला, पन्नूंना महावीरचक्र. ११ डिसेंबर हा दिवस पलटण आजही टांगाईल दिन म्हणून पाळते. त्या लढाईतल्या म्हाताऱ्या पॅरांना मानाने बोलावतात, पडलेल्यांना पुष्पचक्र वाहतात. १६ डिसेंबरला मुक्तियोद्धे कोलकात्याला येत आणि आपले निवृत्त सैनिक ढाक्याला जात, ही रीतही अनेक वर्षं चालत आली. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, २०१९ पासून, स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्यांची नावं ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत. एका विटेवर एक माणूस, त्याचा हुद्दा आणि त्याची पलटण.

विटेवर एवढंच मावतं. तो स्टिकमध्ये कितवा होता, हूक अडकवताना काय बोलला, पुलाच्या कुठल्या टोकाला त्याचा मोर्चा होता, त्याची पेटी घरी कुणी पोचवली, हे कुठल्याही दप्तरात नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ते विशीत होते, आज पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. मेळाव्यात ही मंडळी भेटली की शौर्याच्या गप्पा फारशा होत नाहीत. एक जण एखादं नाव काढतो, दुसरा त्याचं गाव सांगतो, तिसरा सांगतो की त्याला विहिरीत पोहता येत नव्हतं तरी विमानातून उडी मारायला भीत नव्हता. गेलेल्या माणसाला मान देण्याची ही त्यांची पद्धत आहे, आणि कुठल्याही पुष्पचक्राइतकीच ती मला खरी वाटते.

सातारा, कोल्हापूर, सांगली, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत अशी माणसं आपल्या शेजारी राहतात. तुमच्या घरात किंवा आळीत कुणी असतील, तर त्यांना ‘लढाई कशी होती’ असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. तुमच्या पुढे कोण होतं, मागे कोण होतं, उतरल्यावर पहिल्यांदा कुणाचा आवाज ऐकला, ते विचारा. फोनवर ध्वनिमुद्रण करा. नावं, गावं आणि तारखा त्यांच्यासमोर वाचून दाखवून दुरुस्त करून घ्या. एक प्रत त्यांच्या मुलांकडे द्या, एक गावच्या वाचनालयात ठेवा.

पुढच्या लेखात झांगड.