राखून ठेवलेली वाईन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घोडेगावहून भीमाशंकरकडे निघालं की शिनोली हे गाव लागतं. तिथून जवळच, शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावाला वाईनचा इतिहास आहे. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे इंडेज कंपनी उभी केली आणि फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने ‘ओमर खय्याम’ ही फसफसणारी वाईन परदेशी पाठवली. 2008 नंतर कंपनी कर्जात रुतली. या भागातली मुलं आज पुण्या-मुंबईला किंवा परदेशात नोकरी करतात आणि सुट्टीला येताना एखादी चांगली बाटली आणतात. ‘वास्तुशांतीला उघडू’, ‘ताईच्या लग्नाला उघडू’ असं म्हणत ती कपाटात जाते आणि वर्षं सरतात. या वाट पाहण्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज: वाईन जितकी जुनी, तितकी चांगली.

वस्तुस्थिती: जगात बनणारी बहुतेक वाईन पहिल्या दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते. ताज्या फळाचा गंध हाच तिचा गुण, आणि तोच आधी उडतो. वर्षानुवर्षं सुधारत जाते ती वाईन वेगळी असते. तिच्यात सालीतून आणि बियांतून आलेला तुरटपणा (टॅनिन), आंबटपणा किंवा साखर भरपूर असते. बोर्दोच्या निवडक रेड वाईन, पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट ही त्याची उदाहरणं. आपल्याकडे अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेते’ काही वर्षं ठेवण्याच्या हिशोबाने बनते. पण दुकानातली साधी शेनिन ब्लाँ किंवा रोझे दहा वर्षं ठेवली, तर हाती येतो फक्त फिका, शिळा रस. लेबलवर द्राक्षांच्या हंगामाचं किंवा बाटली भरल्याचं वर्ष असतं, ते आजच पाहा.

गैरसमज: बूच बंद आहे, म्हणजे आतली वाईन सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती: वाईनचे तीन शत्रू आहेत: उष्णता, उजेड आणि हवा. तिला साधारण 12 ते 15 अंशांचं स्थिर तापमान मानवतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीकडे जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. तापलेली वाईन फुगते, बूच वर ढकलते आणि गळ्याशी चिकट ओघळ दिसतात. बाटलीतली पातळी बरीच खाली आली असेल, तर हवा आत गेली असं समजा. तळघर कुणाकडे नसतं, पण जुन्या जाड भिंतींच्या घरातली आतली, अंधारी खोली माळ्यापेक्षा कितीतरी बरी. बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आक्रसत नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते.

गैरसमज: जुनी वाईन बिघडली की विषारी होते.

वस्तुस्थिती: कंपनीची सीलबंद वाईन बिघडते म्हणजे तिचा स्वाद मरतो. ती आंबते, व्हिनेगरकडे झुकते किंवा सुकलेल्या सफरचंदासारखा वास देते. आम्लता आणि अल्कोहोल यांमुळे रोगजंतूंना तिच्यात वाढणं अवघड असतं. घोटभर चाखून पाहिल्याने धोका नाही, नाही आवडली तर ओतून द्यावी. हा दिलासा सीलबंद बाटलीपुरताच आहे. कुणी घरी गाळलेल्या किंवा सुट्या विकल्या जाणाऱ्या मद्याला तो लागू नाही.

गैरसमज: तळाशी गाळ दिसला म्हणजे भेसळ.

वस्तुस्थिती: जुन्या रेड वाईनमधले रंगद्रव्य आणि टॅनिनचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. काचेच्या चुऱ्यासारखे दिसणारे खडे हे द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार असतात. दोन्ही निरुपद्रवी. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, हळू ओता आणि शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या. जुनं बूच मोडून तुकडे आत पडले, तर स्वच्छ मलमलीतून गाळून घ्या.

गैरसमज: जुनी वाईन तासन् तास उघडी ठेवून मगच प्यावी.

वस्तुस्थिती: हवेने खुलते ती तरुण, तुरट रेड वाईन. फार जुन्या वाईनचा गंध नाजूक असतो आणि हवा लागताच अर्ध्या-पाऊण तासात विरू शकतो. म्हणून सगळी मंडळी जमल्यावरच ती उघडावी. ‘रेड वाईन घरच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. तिथे 16 ते 18 अंश अभिप्रेत असतात, आपल्या खोलीत तीस असतात. प्यायच्या आधी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा.

गैरसमज: बूच उडवल्याशिवाय सोहळा होत नाही.

वस्तुस्थिती: फसफसणाऱ्या वाईनच्या बाटलीत हवेच्या सुमारे सहा पट दाब असतो. सुटलेलं बूच डोळा कायमचा निकामी करू शकतं. बाटली थंड करा, तिरकी धरा, तोंड माणसांपासून दूर ठेवा. एका हाताने बूच घट्ट दाबून दुसऱ्याने बाटली फिरवा. बूच हलक्या आवाजाने सुटेल आणि वाईनही सांडणार नाही.

गैरसमज: सोबत चीज आणि परदेशी खाणं हवंच.

वस्तुस्थिती: भाजलेले शेंगदाणे, भाकरी, कमी तिखट मटण हे सगळं चालतं. आपल्या भागातली मासवडी आणि तिचा झणझणीत रस्सा मात्र नाजूक जुन्या वाईनला झाकून टाकतो. त्यामुळे वाईन आधी चाखा, रस्सा नंतर वाढा.

गैरसमज: वाईन म्हणजे दारू नव्हे, उलट हृदयाला चांगली.

वस्तुस्थिती: जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईनविक्रीचा निर्णय घेतला, तेव्हा हा वाद खूप रंगला. आकडे सरळ आहेत. 13 टक्क्यांच्या 150 मिलिलिटर वाईनमध्ये सुमारे 15 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या दीड पेगाइतकं. अल्कोहोलमुळे कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच नोंदवलं. 2023 मध्ये संघटनेने सांगितलं की मद्याचं पूर्ण सुरक्षित असं प्रमाण नाही. हृदयासाठी म्हणून कुणी पिऊ नये. जो पीत नाही त्याला आग्रह करू नये. आणि पिऊन कुणीही गाडी हातात घेऊ नये.

मग राखलेल्या बाटलीचं करायचं काय?

अमेरिकेत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये वाईनवर लिहिणाऱ्या डोरोथी गेटर आणि जॉन ब्रेचर या दांपत्याने वाचकांना एक दिवस ठरवून दिला: फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. त्या रात्री राखून ठेवलेली बाटली उघडायची. आपल्यासाठी ही तारीख फार सोयीची आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जुन्नरच्या बागांत त्या सुमारास द्राक्षतोड चालू असते, हवा अजून तापलेली नसते.

750 मिलिलिटरची बाटली आठ जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर मिलिलिटरही येत नाही. जुनी वाईन प्यायची ती अशीच, थोडी आणि सगळ्यांनी मिळून. न पिणाऱ्या आजी-आजोबांना ताज्या द्राक्षांचा रस द्या आणि पहिला ग्लास भरण्याआधी बाटली कुणी, कुठून, कशासाठी आणली ते त्यांना सांगा. वाईन उतरलेली निघाली, तरी मान ती आणणाऱ्यालाच जातो. मुहूर्त शोधत बसलात तर बाटलीही बिघडते आणि घरातली वडीलधारी माणसंही एकेक करून कमी होत जातात. त्यांच्यासोबत बसण्याची संधी आहे तोवरच ती उघडा.