उन्हावर बोलणारा ऑस्कर

राजधानी वाणगावला थांबत नाही. हॉर्न देत येते तेव्हा सूर चढा असतो, पुढे निघून गेली की उतरतो. मिरचीच्या बांधावर यागी अँटेना धरून उभा होतो तेव्हा तसाच उतार कानावर आला, पण फार सावकाश. हॉर्नऐवजी मोर्सची टिकटिक, आणि तीही सुमारे १४५० किलोमीटर उंचीवरून! आधी ‘एचआय’ ही अक्षरं, मग आकडे. अँटेना घरचीच: प्लास्टिकची नळी आणि पोलादी मोजपट्टीचे तुकडे.

बोलत होता ऑस्कर-७ हा उपग्रह. हौशी रेडिओवाल्यांनी बांधलेला, जेमतेम २९ किलोंचा अष्टकोनी डबा. १५ नोव्हेंबर १९७४ला कॅलिफोर्नियातून उडाला, साडेसहा वर्षं राबला आणि १९८१च्या मध्यावर गप्प झाला. निकेल-कॅडमियम बॅटरी शॉर्ट झाली होती. सौरपट्ट्यांची सगळी वीज तिच्यातच जिरायची. लोकांनी त्याचं तेरावंही उरकलं. आणि २१ जून २००२ला इंग्लंडमधल्या पॅट गोवेन यांना १४५.९७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास ओळखीचा मोर्स ऐकू आला.

झालं असं असावं, की शॉर्ट झालेला एखादा सेल पुढे पार तुटला. बॅटरी वाटेतून बाजूला झाली आणि वीज थेट यंत्राला मिळू लागली. शेतातला बिनबॅटरीचा सौरपंप आठवा: ऊन आलं की पाणी, ढग आला की बंद. ऑस्करही पृथ्वीच्या सावलीत शिरला की मरतो, बाहेर आला की उठतो. लोकांचे निरोप पुढे पाठवण्याच्या त्याच्या दोन मोडपैकी (पद्धतींपैकी) कुठला घेऊन उठेल याचा नेम नाही. सलग उन्हात राहिला तर २४ तासांनी आतलं घड्याळ मोड बदलतं. त्याच्यामार्फत बोलणाऱ्याने जपून बोलावं. जास्त पॉवर लावली की सगळ्यांचेच आवाज थरथरतात. म्हातारा दमतो, दुसरं काय.

असे आणखीही आहेत. नासाचा ‘इमेज’ उपग्रह २००५मध्ये हरवला, तो २०१८मध्ये कॅनडातल्या स्कॉट टिली या हौशी माणसाला सापडला. यांना ‘झोंबी’ म्हणतात. मला ते नाव पटत नाही. ऑस्कर कुणाला चावत नाही, उलट फुकट निरोप पोचवतो.

आपल्या इस्रोचा हौशी रेडिओवाल्यांसाठीचा उपग्रह हॅमसॅट ५ मे २००५ला उडाला आणि २०१४मध्ये थांबला. त्याचीही बॅटरीच गेली.

ऑस्कर ऐकायचा तर तो आपल्या आकाशातून जाण्याची वेळ (पास) काढा आणि अँटेना हातात फिरवत राहा. अंधार पडला म्हणून घरी परतू नका. तिथे वर ऊन आपल्यापेक्षा बरंच उशिरा मावळतं.