सहा इंचांचं बिल

पिकअप ट्रक उंच करून घ्यायला अमेरिकेत किती खर्च येतो, असं चार जणांना विचारलं तर एक जण 400 डॉलर सांगेल, दुसरा 2,000, तिसरा 7,000 आणि चौथा आकडा न सांगता नुसता हसेल. चौघेही खरंच बोलत असतात. फक्त प्रत्येकाने करून घेतलेलं काम वेगळं असतं.

सगळ्यात स्वस्त काम म्हणजे पुढची बाजू उचलून मागच्या बाजूच्या बरोबरीला आणणं. पिकअप कारखान्यातून येतो तोच नाक थोडं खाली आणि शेपूट वर अशा बेताने, कारण हौद्यात माल पडला की मागचे पाटे दबतात. ज्यांच्या हौद्यात शनिवारच्या किराणापलीकडे काही पडत नाही, त्यांना ते नाक खुपतं. मग पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर दीड-दोन इंचांची चकती बसवतात. चकत्यांची जोडी 50 ते 300 डॉलरला येते, काम अर्ध्या दिवसाचं. दुसरा प्रकार बॉडी लिफ्टचा. यात चेसिस जिथल्या तिथे राहते आणि चेसिस व केबिन यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त वरचा डोलारा उचलतात. मोठे टायर मावतात, पैसेही कमी लागतात. पण चेसिस आणि जमीन यांच्यातलं अंतर त्या ठोकळ्यांनी तसूभरही वाढत नाही आणि बंपरच्या वर एक विचित्र फट दिसत राहते. मला हे काम कधीच पटलेलं नाही.

खरा खर्च तिसऱ्या प्रकारात, सस्पेन्शन लिफ्टमध्ये. उदाहरणाला 2015 ते 2020 मधला फोर्ड एफ-150 घेऊ. चारही चाकांना ताकद जाणारा, उंची सहा इंच वाढवायची आणि खाली 35 इंची टायर. अमेरिकेत हे इतकं सर्रास केलं जातं की बहुतेक लिफ्ट शॉपना त्याचे तास तोंडपाठ असतात.

मुळात उंची महाग नसते. लांब स्प्रिंग किंवा जाड चकती घातली की गाडी उंच होते. महाग असतात ते कोन. या ट्रकचं पुढचं प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेलं असतं. दोन्ही आर्मच्या टोकांना जोडणारा जाड ओतीव तुकडा म्हणजे नकल. त्यावर चाक फिरतं. मधल्या डिफरन्शियलमधून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट निघून चाकाला ताकद पोचवतो. आता चेसिस नुसती सहा इंच वर ढकलली तर काय होईल? दोन्ही आर्म खाली लोंबतील, बॉल जॉइंट आपल्या हालचालीच्या शेवटाला टेकतील आणि शाफ्ट इतके तिरके होतील की त्यांचे सांधे प्रत्येक फेऱ्याला घासतील. सांध्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं, आणि वळताना कट-कट आवाज यायला लागतो. म्हणून चकतीचा खेळ दोन-अडीच इंचांपर्यंतच.

सहा इंचांचं किट म्हणूनच वेगळ्या वाटेने जातं. ते चाकाला खाली ढकलत नाही, चाकाला धरणारी सगळी रचनाच खाली आणतं. चेसिसखाली नवे आडवे बीम बसतात आणि खालचे आर्म आता त्यांना अडकवले जातात. डिफरन्शियल वेगळ्या ब्रॅकेटवर खाली उतरतो. वरच्या आर्मची जागा बदलत नाही, म्हणून उंच नकल देतात, म्हणजे खालून वरपर्यंतचं अंतर भरून निघतं. ब्रेकच्या नळ्यांना आणि सेन्सरच्या वायरींना ताण येऊ नये म्हणून त्यांचे ब्रॅकेट, अँटी-रोल बारसाठी वेगळे. एवढं झाल्यावर आर्म आणि शाफ्ट यांचे कोन कारखान्यातल्यासारखे राहतात. अनेक किटमध्ये मूळ चेसिसवरचा एखादा ब्रॅकेट कापावा लागतो. गाडी विकताना पुन्हा पहिल्यासारखी करून देऊ असा विचार कोणाच्या मनात असेल, तर करवत फिरण्याआधी तो सोडून द्यावा.

मागची बाजू त्या मानाने सोपी. तिथे कमानपाटे आणि सरळ एक्सल असतो. दोन्हींच्या मध्ये ओतीव ठोकळा घालायचा, लांब यू-बोल्ट आवळायचे, शॉकअब्सॉर्बर लांब लावायचे. ठोकळा जितका उंच तितका जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक्सल पिळवटतो आणि पाटे एस आकारात वाकतात. जड ट्रेलर ओढणारे लोक म्हणून नवे पाटेच घालतात आणि त्याचे वेगळे पैसे मोजतात.

किटच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक का असतो, हे आता लक्षात येईल. मूळचीच स्प्रिंग ठेवून तिच्या डोक्यावर चकती देणारं किट 1,500 डॉलरच्या आसपास मिळतं; टेनेसीतल्या डायर्सबर्गची रफ कंट्री ही कंपनी अशाच किफायती मालासाठी ओळखली जाते. जाड बीम आणि बरे शॉक देणारी किट 2,500 ते 3,500 डॉलरची. मिशिगनमधल्या कोल्डवॉटरची बीडीएस या गटातली. पुढे फॉक्स कंपनीचे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंगसकट येणारे शॉक, घेतले की हजार-दीड हजार आणखी. स्वस्त किटने गाडी तितकीच उंच होते. फरक जाणवतो तो खड्ड्यात.

मजुरी तासावर असते. या कामाला साधारण 10 ते 14 तास धरतात आणि शॉपचा दर तासाला 130 ते 180 डॉलर. मेकॅनिकला प्रत्यक्षात किती तास लागले याच्याशी बहुतेक ठिकाणी तुमचा संबंध नसतो, ठरलेले तास लावले जातात. अपवाद गंजाचा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. पाच-सात हिवाळे काढलेल्या ट्रकचा खालच्या आर्मचा बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत असा धरून बसतो की पाना मोडेल पण तो हलायचा नाही. मग गॅसचा टॉर्च किंवा करवत, नवा बोल्ट, नवा बुश. ॲरिझोनातल्या कोरड्या हवेत वाढलेला तोच ट्रक त्याच माणसाच्या हाती दोन-तीन तास आधी मोकळा होतो. म्हणून फोनवर दर विचारण्यात फारसा अर्थ नसतो. गाडी खालून दाखवायला हवी.

बिलात न दिसणारी एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. आर्मच्या बुशमध्ये रबर असतं आणि ते आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट पूर्ण आवळला की आतली नळी जागच्या जागी पक्की होते आणि यापुढे आर्मची हालचाल त्या रबराच्या पिळण्यावरच चालते. गाडी लिफ्टवर टांगलेली, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच ते रबर ओलं धुणं पिळावं तसं पिळून निघतं आणि कायम तसंच राहतं. काही महिन्यांत चिरा पडतात. म्हणून जाणकार मेकॅनिक बोल्ट नुसते बसवून ठेवतो, गाडी चाकांवर उतरवतो, पुढून-मागून दाबून थोडी हलवतो आणि मग टॉर्क पान्याने शेवटचा आवळ देतो. वाकून, आडवं होऊन, अर्धा तास जास्त. ‘बोल्ट कधी आवळता?’ हा एकच प्रश्न विचारून बघावा. उत्तरातून शॉप कळतं. पहिल्या 500 मैलांनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासून आवळायचे असतात, विशेषतः मागचे यू-बोल्ट. तो फेरा किमतीत धरलाय का, तेही विचारावं.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट, 120 ते 200 डॉलर. इथे पैसे वाचवले तर टायरमध्ये दुप्पट जातात. उंच केलेल्या गाडीत कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. हा कोन असतो म्हणून स्टिअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ येतं. तो गेला की गाडी महामार्गावर डावी-उजवीकडे भटकत राहते. विंडशील्डमागे लेन पाहणारा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन करायला आणखी काही शंभर डॉलर, कारण त्याचा डोळा आता वेगळ्या उंचीवरून बघतो. हेडलाइटचा झोतही खाली आणून घ्यावा. हे फुकटात होतं आणि बहुतेक लोक करत नाहीत. समोरून येणाऱ्यांना ते चांगलं माहीत असतं.

आता टायर. बरेच लोक जमिनीपासूनचा उठाव वाढावा म्हणून लिफ्ट करतात, पण मागचा एक्सल चाकांच्या मधोमध असतो. चेसिस कितीही उचला, तो जागचा हलत नाही. तो उचलतात फक्त टायर. 275/65 आर 18 हा या ट्रकवर नेहमी दिसणारा टायर साधारण 32.1 इंच व्यासाचा. 35 चा घातला तर व्यास 2.9 इंचांनी वाढला आणि एक्सल त्याच्या निम्मा, म्हणजे दीड इंचाहून किंचित कमी वर आला. दगडावर आधी आपटतो तो एक्सलचा फुगीर गोळा, आणि त्याच्या वाट्याला सहा इंचांमधलं एवढंच येतं. बाकीची सगळी उठाठेव त्या टायरला जागा करून देण्यासाठी.

35 इंची टायर प्रत्येकी 300 ते 450 डॉलर. उंच नकलमुळे मूळ रिम अनेकदा घासतात, तेव्हा नवे रिम आले. मोठा टायर एका फेऱ्यात नऊ टक्के जास्त अंतर कापतो, म्हणून काटा 60 वर असताना गाडी खरोखर 65 च्या वर असते. स्पीडोमीटरचं प्रोग्रॅमिंग बदलून घ्यावं लागतं. मागच्या एक्सलचा 3.55 चा गिअर रेशो आता 3.26 सारखा वागतो, गाडी चढाला सुस्त वाटते. पुढचे-मागचे दोन्ही गिअर बदलायचे तर आणखी 2,000 ते 3,000 डॉलर. 2018 नंतरच्या बहुतेक एफ-150 मध्ये दहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे; तो बरंच सांभाळून घेतो, त्यामुळे ट्रेलर ओढायचा नसेल तर हा खर्च टाळता येतो. पेट्रोलचा खर्च मात्र टळत नाही.

मध्यम दर्जाच्या कामाची बेरीज करू: किट 2,800, बारा तासांची मजुरी तासाला 150 ने 1,800, अलाइनमेंट 150, टायर 1,520, रिम 1,000, टायर बसवून बॅलन्स करायला 120. झाले 7,390 डॉलर. विक्रीकर वेगळा. काही डीलर नवी गाडी आधीच उंच करून विकतात आणि ही रक्कम कर्जात घालतात. सहा वर्षांचे हप्ते. टायर चौथ्या वर्षी गुळगुळीत होतात, त्यांचा हप्ता मात्र चालू राहतो.

वॉरंटीबद्दल डीलरने घाबरवलं तर 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा माहीत असावा. बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणाने कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. अर्थात लिफ्टनंतर शाफ्टचा सांधा गेला, तर ते दाखवणं त्यांना जड जात नाही. उंचीचे नियम राज्याराज्यांत वेगळे. नाक उंच आणि शेपूट खाली करण्याच्या फॅशनवर तर नॉर्थ कॅरोलिनाने 2021 पासून बंदी घातली. विमा कंपनीलाही बदल आधीच कळवलेले बरे.

पुण्या-मुंबईकडे हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखा पिकअप उंच करायचा विचार असेल तर हा हिशोब डॉलरचे रुपये करून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने ठरवलेल्या रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. दोन इंचांचं किट दुकानात मिळतं म्हणजे आरटीओत चालतं असं नाही.

अमेरिकेतल्यांनी शॉपला आगाऊ रक्कम देण्याआधी घरी टेप घेऊन एक माप घ्यावं. चार दारांच्या एफ-150 ची मूळ उंची साधारण 77 इंच. लिफ्ट आणि टायर धरून ती जवळपास 84 वर जाते. तिथल्या घरांच्या गॅरेजचं दार बहुतेक सात फुटी, म्हणजे नेमकं 84 इंच असतं आणि ऑफिसच्या बहुमजली पार्किंगचं छत त्याहूनही खाली.