टपरीवरच्या चौकोनाचे तीन डोळे

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर १६ वरच्या एखाद्या चहाच्या टपरीपाशी दोन मिनिटं उभे राहा. गळ्यात आयडी कार्ड अडकवलेली आयटी पार्कमधली मुलंमुली, शेजारच्या शेडमधून लेथ बंद करून आलेले कामगार, पासपोर्ट ऑफिसला आलेली, फाइल छातीशी धरलेली मंडळी, सगळ्यांचे हात एकाच दिशेला जातात. तिथे बिस्किटांच्या बरणीला टेकवलेला काळापांढरा चौकोन असतो. लॅमिनेशन कोपऱ्यात सुटलेलं, वर तेलाचे शिंतोडे, एका कडेला चहाचा ओघळ. कुणी फोन तिरपा धरतं, कुणी पुढच्याच्या खांद्यावरून नेम धरतं. तरीही क्षणात पेटी बोलते : ‘सत्तेचाळीस रुपये प्राप्त झाले!’

त्या गर्दीत मतांनाही तोटा नसतो. अमुक ॲप फास्ट आहे, तमुक ऐनवेळी गोल गोल फिरत बसतं, नवा फोन घेतल्यापासून स्कॅन पटकन होतं. ही सगळी मतं ॲपबद्दल आणि फोनबद्दल. त्या कळकट चौकोनाचं कौतुक मात्र कुणी करत नाही. खरं तर या सगळ्या खटाटोपात ॲपच्या वाट्याला सगळ्यात सोपं काम आलेलं आहे!

पहिला प्रश्न अगदी साधा. कॅमेऱ्यासमोर बरण्या असतात, पाव असतात, माळेसारख्या लटकलेल्या पुड्या असतात, कुणाचा तरी चौकड्यांचा शर्ट असतो. एवढ्या पसाऱ्यातून फोनला नेमका तोच चौकोन कसा सापडतो?

चौकोनाकडे नीट बघा. तीन कोपऱ्यांत तीन मोठे डोळे आहेत : बाहेर काळी चौकट, आत पांढरी पट्टी, मधे काळा ठोकळा. आता एका डोळ्याच्या मधोमध आडवी रेघ ओढा. रेघ आधी एक भाग काळ्यातून जाईल, मग एक भाग पांढऱ्यातून, तीन भाग काळ्यातून, पुन्हा एक पांढरा, एक काळा. एक, एक, तीन, एक, एक. उभी ओढा, तेच. तिरपी ओढली तरी प्रमाण तेच! फोन चित्रभर हेच प्रमाण शोधत असतो. म्हणून स्टिकर उलटा चिकटवला असला तरी बिघडत नाही. तीन डोळे सापडले की डोळा नसलेला चौथा कोपरा कुठे आहे ते कळतं, आणि चौथा कोपरा कळला की चित्राची वरची बाजू कळते. डोळ्यांना जोडणाऱ्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या बारीक रांगाही असतात. त्या मोजून फोन आतले चौरस आखून घेतो.

पण हेच प्रमाण का? इथे गोष्ट जपानला जाते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा नावाचे अभियंते होते. कारखान्यात सुट्या भागांच्या खोक्यांवर बारकोड असत. एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावत, म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत, आणि ते सगळे एकेक करून वाचताना कामगार मेटाकुटीला येत. हारांना जेवणाच्या सुट्टीत ‘गो’ खेळायची सवय होती. पटावर आडव्याउभ्या रेघा, त्यांवर काळ्यापांढऱ्या सोंगट्या. माहिती एका रेषेत कशाला कोंबायची? अशी पटावर पसरली तर?

पसरली खरी, पण वाचणाऱ्या यंत्राला ती इतर छपाईतून वेगळी कशी ओळखू यावी? मग हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने मासिकं, जाहिराती, पुठ्ठ्याची खोकी, मिळेल तो छापील कागद घेऊन काळ्यापांढऱ्याची प्रमाणं तपासली. जगभरच्या छपाईत जे प्रमाण सहसा आढळतच नाही, ते शोधून काढायचं होतं. सापडलं ते हे : १:१:३:१:१. त्या टपरीवर लटकणाऱ्या पुडीवरच्या जाहिरातीत हे प्रमाण चुकून येणं कठीण, म्हणूनच फोन फसत नाही. किती चिवट काम असेल ते!

१९९४ साली हा क्यूआर कोड बाहेर आला. डेन्सोने त्याचं पेटंट घेतलं, पण ठरलेल्या नियमांत बसणारा कोड वापरणाऱ्या कुणाकडूनही त्यासाठी पैसे मागितले नाहीत. आपल्या चहावाल्याला हा चौकोन छापायला परवानगी लागत नाही, ती या निर्णयामुळे.

वागळे इस्टेटमध्ये उभं राहून हे आठवलं की मला विशेष आनंद होतो. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे आपल्या एमआयडीसीचा, जन्म झाला तो इथेच एका छोट्याशा समारंभात. तेव्हापासून या रस्त्यांवर सुटे भाग बनत आले, खोक्यांत भरले गेले, टेम्पोत चढले. हा चौकोन जन्मला तो असल्याच खोक्यांवर चिकटायला. आज तो कारखान्याच्या फाटकाबाहेर कामगारांच्या चहाचा हिशोब सांभाळतो.

आता त्या चहाच्या ओघळाकडे वळू. ओघळाखाली कितीतरी ठिपके झाकले गेलेत. मग माहिती अपुरी पडायला नको का?

कागदावर दोन ठिपके काढा. त्यांतून सरळ रेष एकच जाते. म्हणजे तुम्हाला एक रेष कळवायची असेल तर दोन ठिपके पुरतात. पण मी जास्तीची काळजी घेऊन त्याच रेषेवरचे पाच ठिपके पाठवले, आणि वाटेत दोन पुसले गेले, तर काय बिघडलं? उरलेल्या तीन ठिपक्यांतून रेष काढा, आणि रेष मिळाली की पुसलेले ठिपकेही परत जागेवर बसवा. याहून मोठं नवल पुढे आहे. समजा पाचांतला एक ठिपका पुसला नाही, नुसता सरकला. मग चार एका रेषेत दिसतील आणि एक बाहेर. खोटं कोण बोलतंय, ते ठिपके आपणच सांगतात!

अमेरिकेत अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सोलोमन या दोघांनी १९६० साली पाच पानांच्या लेखात हीच कल्पना सरळ रेषांऐवजी वक्ररेषांवर आणि एका खास प्रकारच्या अंकगणितावर उभी केली. टपरीवरच्या चौकोनातले बरेचसे ठिपके हे असे जास्तीचे, साक्षीदार ठिपके असतात. ते किती ठेवायचे ते कोड बनवताना ठरतं आणि त्यानुसार सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के माहिती बिघडली तरी पूर्ण भरून काढता येते. ‘व्हॉयेजर २’ या यानाने युरेनस आणि नेपच्यूनचे फोटो पाठवले तेव्हा अंतराळातल्या गोंगाटातून ते सावरायलाही रीड-सोलोमनच कामी आले होते. नेपच्यूनहून आलेलं चित्र आणि चहाच्या ओघळाखालची माहिती, दोन्ही वाचतात ते एकाच गणिताने!

काही स्टिकरांवर मधोमध कंपनीचा लोगो असतो, तो बघा. तो खास राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेत बसत नाही, ठिपक्यांच्या डोक्यावर बसतो. म्हणजे तो मुद्दाम केलेला डाग आहे. गणित तो निस्तरेल या भरवशावर छापलेला. डोळ्यांना मात्र ही सवलत नाही. एक डोळा बोटाने झाकून स्कॅन करून पाहा, बहुतेक फोन अडखळतील.

एवढ्या बंदोबस्तात आत जपलंय तरी काय? पैसे नाहीत. पिन तर नाहीच. असतो तो मुख्यतः एक पत्ता, चहावाल्याचा यूपीआय आयडी. टपरीवरच्या स्टिकरमध्ये रक्कमही नसते, ती तुम्ही भरता. कागद जागचा हलत नाही. धावपळ सुरू होते ती तुम्ही पिन टाकल्यावर.

पिन टाकायचं ते पान तुमच्या ॲपचं नसतंच मुळी. ते एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाने पुरवलेलं असतं. म्हणून ॲप कुठलंही असो, ते पान सारखंच दिसतं. पिन तिथल्या तिथे सांकेतिक होतो, ॲपवाल्या कंपनीला तो वाचता येत नाही. मग निरोप ॲपमागच्या बँकेतून एनपीसीआयच्या स्विचकडे जातो. स्विच चहावाल्याच्या पत्त्यामागचं खातं विचारून घेतं. तुमच्या बँकेला सांगतं, पिन तपासा आणि पंधरा रुपये काढा. ‘काढले’ असं उत्तर आलं की चहावाल्याच्या बँकेला सांगतं, जमा करा. ‘केले’ आलं की दोन्हीकडे कळवतं. मधली एखादी कडी निसटली तर तुमच्या स्क्रीनवर ‘पेंडिंग’ दिसतं. इतक्या जणांची हो-हो होते तेवढ्यात तुमची कटिंग अजून ग्लासात पडत असते.

आणि या दोन बँकांनी आपसांत पैसे दिले का? नाही! दोघींनी आपापल्या ग्राहकांची खाती तेवढी बदलली. खरा हिशोब दिवसातून ठरावीक वेळा होतो. कुणाचं कुणाकडे किती निघतं ते वजा होऊन फक्त फरक रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर फिरतो, टपरीवरच्या उधारीच्या वहीतला आकडा पगाराच्या दिवशी एकदम चुकता व्हावा तसा. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयचा आरंभ केला तेव्हा त्यात २१ बँका होत्या. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. दर सेकंदाला सरासरी सात हजारांच्या वर!

राहिली बोलणारी पेटी. ती तुमच्या फोनचं काही ऐकत नाही. तिचं स्वतःचं सिमकार्ड असतं आणि तिला निरोप येतो तो चहावाल्याच्या बाजूच्या कंपनीकडून. म्हणून कुणी जुना स्क्रीनशॉट दाखवून निघू पाहिलं तर पेटी गप्प राहते, आणि चहावाला तिच्यावर विश्वास ठेवतो ते बरोबरच आहे.

तिच्या मराठीचीही दाद द्यायला हवी. आवाजाचे तुकडे जोडून बोलणाऱ्या यंत्राला इंग्रजीत एक ते नऊशे नव्व्याण्णव म्हणायला २८ शब्द पुरतात. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याला वेगळं नाव, वर शंभर, एकशे, दोनशे, तीनशे. तुकडे शंभराच्या वर जातात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तेचाळीसला ‘चाळीस सात’ म्हणण्याची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झडला होता. पोरांची अडचण खरी होती. पेटीने मात्र सगळे आकडे मुकाट्याने पाठ केलेत, आणि भर गर्दीत तिचं ‘सत्तेचाळीस’ ऐकलं की मला फार बरं वाटतं.

आता एक विनंती. हा चौकोन डाग भरून काढतो, पण आपण कुणाचे आहोत हे त्याला सिद्ध करता येत नाही. मूळ स्टिकरवर कुणी रात्रीतून दुसरा चिकटवला तर तोही तितक्याच इमानाने वाचला जाईल. म्हणूनच ३० जून २०२५ पासून ॲपने चौकोनात लिहिलेलं नाव न दाखवता बँकेत नोंदलेलं नाव दाखवायचं, असा एनपीसीआयचा नियम आहे. पिन टाकण्याआधी ते नाव वाचा. आणि घरातल्या आजी-आजोबांना एवढं नक्की सांगा : पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही.